उत्तर न येणारा साडू

माझ्या साडूइतका कमी शिकलेला आणि तरीही पोरांना इतका हवासा वाटणारा माणूस अख्ख्या भिवंडी तालुक्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर तोही माझ्याच नात्यात निघेल, असं माझं नशीब आहे. मी वीस वर्षं शाळेत गणित शिकवतो. हा वडपे गावच्या गोदामात माल चढवण्या-उतरवण्यावर देखरेख करतो, दहावीत गणितानेच आडवा केलेला. तरी सुट्टीच्या दिवशी आमच्या पूर्णा गावातली सगळी पोरं त्याच्या ओटीवर जमतात, आणि त्यांत सर्वांत पुढे माझी सहावीतली मुलगी असते. मला त्याचा हेवा वाटतो. बायकोपाशी हे कबूल केलेलं नाही, तुम्हाला सांगतो.

त्याला स्वस्थ बसवतच नाही. तांदळाची भाकरी तव्यावर का फुगते, हे तो जेवणाच्या ऐन वेळी विचारणार. मग पोरं एका भाकरीला एक भोक पाडणार, दुसरीला दोन, आणि मेव्हणीच्या त्या न फुगलेल्या भाकऱ्या हा एकटा मुकाट्याने खाणार. माझ्या पुतण्याच्या हळदीत तर ऐन हळद लावायच्या वेळी करवलीच सापडेना. करवली म्हणजे माझी मुलगी. ती सजूनधजून शेताच्या पार टोकाला उभी होती, कारण काकांनी सांगितलं होतं, लांब जाऊन बघा, ढोलावर टिपरी आधी पडते की आवाज आधी येतो. सगळ्या वऱ्हाडाने बोलणी मला खायला घातली, साडूला नाही.

पण खरा घाव बसला तो वजनकाट्यावर. गोदामाचा ट्रक मोजायचा काटा दहा-दहा किलोंनीच सरकतो. रविवारी याने त्यावर बारा पोरं उभी केली, आकडा बघितला, बाराने भागायला लावलं आणि माझ्या मुलीला विचारलं, हे तुझं वजन झालं का गं? ती म्हणाली, "नाही काका. हे सगळ्यांचं थोडं थोडं." सरासरीचा हा धडा मी वर्गात आठ दिवस फळा भरभरून शिकवला होता, आणि ही पहिल्या बाकावर बसून जांभया देत होती. न राहवून मी त्याला विचारलं, पोरांनाच विचारत राहायची ही युक्ती तुला शिकवली कोणी?

"युक्ती कसली, दादा? मला खरंच येत न्हाय," तो म्हणाला. "तुमच्यासारखं येत असतं तर मी पन सांगून मोकला झालो असतो. लय वाटतं, तुमच्यासारखं यावं."

घरी आल्यावर आठवू लागलो. मुलीने काही विचारलं की तिचा प्रश्न पुरा व्हायच्या आत मी उत्तर देतो. ती "बरं" म्हणते आणि निघून जाते.

परवा दोरीवर कपडे टाकताना तिने विचारलं, ओला कपडा गडद का दिसतो? उत्तर अगदी जिभेवर होतं. ते गिळलं आणि म्हटलं, "माहीत नाही गं."

"तुम्हालापण?"

मी मान हलवली. ती माझ्याजवळ येऊन बसली. अर्धा तास आम्ही एका जुन्या ओढणीवर पाण्याचे थेंब टाकत होतो, ती उन्हात धरत होतो, सावलीत धरत होतो. काही उलगडेना. शेवटी ती उठून म्हणाली, "चला, काकांना विचारू." पोटात पुन्हा तेच दुखलं. पण जिना उतरताना तिने माझं बोट धरलं. ती शाळेत जायला लागल्यापासून, म्हणजे मी तिचा सर झाल्यापासून, तिने ते धरलं नव्हतं. साडूचं घर बाजूच्याच आळीत आहे. मी जरा लांबच्या वाटेने गेलो.