नळदुर्गची शुक्रवारची बैठक

सोलापूरच्या स्टँडवरून तुळजापूरची एसटी हलली, तोच दादा म्हणाला, "सुमे, उतरू या का?"

दादा माझा थोरला भाऊ. हाताचा चांगला शिंपी. पण दारूपायी हात कापायला लागले, गिऱ्हाइकांनी कापडं परत नेली आणि वहिनी मुलांना घेऊन माहेरी निघून गेली. माझ्या शाळेतल्या एका बाईंकडून कळलं होतं, की तुळजापुरात दारू सोडलेली माणसं दर शुक्रवारी एकत्र बसतात, एकमेकांना सावरतात. एवढ्या माहितीवर आम्ही निघालो होतो. कुठं बसतात, हे त्या बाईंनाही ठाऊक नव्हतं.

घाट चढून गाडी तुळजापुरात शिरली. उतरताक्षणी एका पुजाऱ्यानं गाठलं. मी विचारलं, "इथं व्यसनमुक्तीचं मंडळ कुठं भरतं?"

"मंडळ कशाला, बाई? आईला अभिषेक करा. लई जणांचं सुटलंय."

अभिषेक केला. बाहेर आल्यावरही दारूविना दादाला सुटलेला घाम थांबला नव्हता. मग एका लॉजवाल्याला विचारलं. "आमच्याकडं तसलं काय चालत न्हाय," असं म्हणून त्यानं आम्हाला पायरीवरूनच परतवलं. दारूबंदीचे दिवस होते. दारूचं नाव काढणारा माणूस लोकांना एकतर पोलिसांचा खबऱ्या वाटे, नाहीतर गिऱ्हाईक. पानवाल्याला आम्ही गिऱ्हाईक वाटलो. त्यानं हलक्या आवाजात एक बोळ सांगितला. मी भोळेपणानं दादाला घेऊन त्या बोळात शिरले, तर समोरून हातभट्टीचा भपकारा आला. दादाचे पाय तिथंच रुतले. त्याच्या सदऱ्याची बाही धरून मी त्याला ओढत बाहेर काढलं. राग कुणाचा करावा तेच कळेना.

शेवटी कुंकवाच्या दुकानातल्या म्हातारीनं सांगितलं, "ती माणसं व्हय? इथं गर्दीत त्यांना जागा गावंना. आता नळदुर्गाला बसत्यात." सोलापुरातून थेट नळदुर्गला गाडी होती. हे आधी कळतं, तर अर्धा दिवस वाचला असता!

नळदुर्गच्या वाटेवर गाडीचं चाक बसलं. सगळे उतरलो. दोन्ही अंगांना ज्वारी उभी होती, सावलीला एक झाड नव्हतं. दादा मैलाच्या दगडावर बसला.

"कशाला माझ्यामागं फिरतीस? मी काय सुधारणार आहे?"

"बैठक सापडू दे, मग ठरव," मी फटकारलं. त्याची समजूत काढण्याइतकं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

नळदुर्गला हमरस्त्यावरच्या ढाब्यात भाकरी आणि येसर (धान्य-मसाले भाजून केलेल्या पिठाची आमटी) मिळालं. आमटी झणझणीत होती, पण दादानं दोन घासांवर ताट सरकवलं. मी ढाबेवाल्याला "समाजसुधारणेची सभा" विचारली. तो म्हणाला, "सभेचं ठावं न्हाय, पण किल्ला बघून जावा. पाणीमहाल लई भारी हाय." शेजारचा ट्रकवालाही किल्ल्याचंच सांगायला लागला. त्या किल्ल्याचं नाव पुन्हा काढलं, तर मी ओरडेन असं मला झालं होतं.

हात धुऊन वळले, तर दादा जागेवर नव्हता.

ढाब्यामागं पाहिलं, स्टँडवर पाहिलं. हा कुठल्यातरी बोळात जाऊन बसला, सगळी पायपीट पाण्यात गेली, असं म्हणत मी रस्त्यानं जवळजवळ पळत सुटले. सायकल दुरुस्त करणाऱ्या एका चाचांनी मला हाक मारली.

"भाईकू ढूंढते क्या? घाबरू नका. मेरेकू पूछे, मैं पीतूं, छोडना है, छोडे सो लोगां कां (कुठं) बैठते? म्हटलं, वो लिंब के नीचे. गये उधर."

सकाळपासून मी मंडळ विचारलं, सभा विचारली, आणि "आमच्या नात्यातल्या एकासाठी" असंही म्हटलं. दादानं सरळ विचारलं आणि पहिल्याच माणसानं रस्ता दाखवला!

ओढ्याकाठी कडुलिंबाखाली पोती टाकून सातआठ माणसं बसली होती. मी लांबच थांबले. पिकल्या मिशांचे एक ड्रायव्हर उठले. "या ताई, बसा. इथं कुणी परकं न्हाय."

दादा बोलत होता. "मी पितो. आज घेतली नाही, कारण हिनं सोडलंच नाही." सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही. मग तो खाली पोत्याकडं बघत बोलू लागला. "धाकटीचं परकर-पोलकं बेतलं होतं. कात्री धरवेना. कापड तसंच ठेवलं. तिनं विचारलं, तर तिच्यावरच ओरडलो."

कुणी उपदेश केला नाही. ड्रायव्हर म्हणाले, "म्या ट्रक उलथवला, तरी सुटली न्हवती. तुमी आज घेतली न्हाय न्हवं? मग आजचं झालं. पुढच्या शुक्कारी या."

परतीच्या गाडीत उभं राहूनच सोलापूर गाठलं. दादा म्हणाला, "पुढच्या वेळी मी एकटा येईन." माझा विश्वास नव्हता, पण भांडायचंही बळ नव्हतं.

तो गेला. मधे एकदा पिऊन घरी आला, मी तोंड उघडण्याआधीच म्हणाला, "शुक्रवारी हेच सांगायला जायचंय." आणि खरंच गेला. असं पडत-उठत, मला चिडवत, रडवत त्याचं सुटत गेलं.

दिवाळीनंतर वहिनी परत आली. माझा हात धरून म्हणाली, "वन्सं, तुम्ही त्यांना तिथं पोचवलंत."

मी म्हटलं, "नाही गं. मी नुसती गावोगाव फिरवत होते. रस्ता त्यानं स्वतःच विचारला."