बापानं दिलेली सायकल आणि थोरली जाऊ

माझ्या थोरल्या जावेशी माझं आजही पटत नाही, आणि पटावं अशी माझी इच्छाही नाही. आमची दारं समोरासमोर. ती अंगणात आली की मी आत जाते, मी आले की ती खाकरून थुंकते. हे वैर सायकलच्या चेनीवरून सुरू झालं, असं सांगितलं की नातवंडं हसतात. हसू द्या. त्यांच्या आजीसारखी मूर्ख त्यांनी कुठं बघितली आहे?

ती सायकल लग्नात माझ्या वडलांनी दिलेली. नवऱ्याच्या नावावर, पण मालकीण मी. माहेरीच चालवायला शिकले होते, त्यामुळं अंगात मस्ती भारी. दर दसऱ्याला मी ती बादल्या ओतून धुवायची, चेनीला हळदकुंकू वाहायची आणि वर बैलगाडीच्या आखाचं काळं वंगण थापायची. पातळ तेलाचा थेंब नाही. त्या वंगणाला रस्त्याचा फुफाटा चिकटायचा आणि दोघं मिळून चेनीला कानशीसारखे खायचे. मी लांब उभी राहून म्हणायची, कशी काळीभोर दिसते!

टायर बदलायला माझी ना नव्हती. थोरले दीर मागं कडब्याचे भारे बांधून आणायचे, म्हणून मागचं टायर एका सुगीतच गुळगुळीत व्हायचं. तेवढ्यात पुढच्याची नक्षीही जायची नाही. रबर झिजणारच, हे मला कळत होतं. पण चेन अन् ती ज्यांच्यावर फिरते ते चाकाचे दाते लोखंडाचे. ते बदलायचे म्हणजे बापानं हलका माल दिला असं कबूल करायचं. असलं माझं डोकं.

चेन लांबत गेली, उठसूट पडायला लागली. एकदा हापशावर जाऊ सगळ्या बायांदेखत म्हणाली, "धाकटे, तुझ्या बापानं सायकल दिली का भंगार आमच्या दारात आनून टाकलं?"

"तुझ्या बापानं तर भंगार बी न्हाई दिलं."

"मग मला मागं बसीव आन ने नारायणगडाच्या जत्रेला. चेन पडली तर सायकल आमच्यासंगं कारखान्यावर."

"आन न्हाई पडली तर?"

"तर हितंच, ह्या समद्या बायांम्होरं म्हनीन, तुझ्या बापानं सोनं दिलं."

सासू म्हणाली, "जावा बयांनो, दोघी बी पडा कुठंतरी."

थोरले दीर-जाऊ दिवाळीनंतर साखर कारखान्याच्या ऊसतोडीला जायचे, ते उन्हाळ्यातच परतायचे. तोवर सायकल जाणार आणि बापाचं नाकही. मी घाबरले. गुपचूप बाजारात जाऊन नवी चेन टाकायला सांगितली.

दुकानदार म्हणाला, "वहिनी, जुनी चेन लांबली तसे दाते बी झिजलेत. त्याच्यावर नवी चेन बसायची न्हाई. मागचं फ्रीव्हील आन पुढची चकती बी बदला."

"दात्यांना हात लावू नको. माझ्या बापानं दिलेले हायत."

"मंग चढाला बापालाच ढकलायला बोलवा."

नुसती नवी चेन टाकून घेतली, आणि त्याच्याशीही मी पुढं कधी बोलले नाही. आता, चेन काय बापाची नव्हती? होती. पण नवी चेन वंगण फासून लपवता येत होती. चकचकीत चकती जावेच्या डोळ्यांत भरली असती.

जत्रेच्या दिवशी सपाटीला सायकल झकास चालली. मागं जाऊ गोणीसारखी. गडाचा चढ लागला, मी उभी राहून जोर दिला, आणि कट्‌! चेन दात्यांवरून घसरली, पायडल रिकामं फिरलं, माझा गुडघा हँडलवर. पुन्हा जोर, पुन्हा कट्‌.

"काय गं, लई सोनं वाजतंय," मागून आवाज आला.

"चेन पडलेली न्हाई!"

"पडली न्हाई, पर चालती बी न्हाई."

"पैज चेन पडायची हाय, चालायची न्हाई!"

रस्त्याच्या मधोमध आम्ही भांडत होतो आणि नारळ घेतलेली माणसं थांबून ऐकत होती. शेवटी रागारागात मी सगळं वजन एका पायावर टाकलं. चेन निसटून पार लोंबली, आणि जाऊ, मी, सायकल, तिघीही रस्त्याकडेच्या चारीत. तिच्या बांगड्या फुटल्या, तरी उठली ती हसतच.

"सायकल आमची."

उन्हाळ्यात जाऊ सायकल घेऊन परत आली. दिरांनी चेन, फ्रीव्हील, चकती तिन्ही एकदम नवी टाकली होती. उसाच्या खुंटांनी टायरं चिरली म्हणून तीही नवी. वंगण खरवडून पातळ तेल सोडलेलं.

"घे," जाऊ म्हणाली. "आता हिच्यात तुझ्या बापाचा नुसता सांगाडा ऱ्हायलाय."

मी सायकलवर बसले आणि गावाबाहेरचा चढ चढून आले. दात्यांचा आवाज नाही, पायाला त्रास नाही. बापानं दिली तेव्हासुद्धा ती अशी पळत नव्हती. संतापानं माझे कान तापले.

जाऊ दारातच उभी होती. "कशी चालती?"

मी सायकल भिंतीला लावली, पदर सारखा केला.

"लई जड चालती," म्हणाले, आणि आत गेले.