बबनच्या कॅसेटमधला मातृशोक

आमच्या घरात साहित्यातलं फक्त मला कळतं, असा सगळ्यांचा समज होता. तो मीच करून दिला होता.

त्या वर्षी मी इंग्रजीत एम. ए. करत होते. चिकलठाण्याहून सिटी बसनं विद्यापीठात जायचं, संध्याकाळी परत यायचं आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीवर कुणाचा ना कुणाचा प्रभाव आहे, असं सांगायचं. (आईच्या आमटीवरसुद्धा!) एवढी शिकलेली मुलगी लवकर उजवलेली बरी, असं आबांना वाटू लागलं ते त्यामुळंच असावं.

सोयगावाहून स्थळ आलं. मुलगा मधुकर वाळूजच्या एका कारखान्यात इंजिनिअर, बोलायला अगदी कमी. वडील श्रीपतराव कापूसवाले शेतकरी आणि गावच्या भजनी मंडळाचे प्रमुख. पोहे खाऊन झाल्यावर त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला.

"कोणत्या विद्यापीठात शिकतीस, पोरी?"

तेव्हा औरंगाबादेत हा प्रश्न साधा नव्हता. नामांतराच्या बाजूची माणसं एक नाव सांगायची, विरोधातली दुसरं, आणि मुलगी दाखवणारे बाप 'इथल्याच' असं सांगायचे. आबांनी तोंड उघडलंही होतं.

"ज्याचं नाव बदललं पाहिजे, त्याच," मी म्हणाले.

आबांच्या हातातली बशी जागीच थांबली. श्रीपतरावांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग मुलाकडं.

"ही बी तुझ्याच वळणाची निघाली की रं! म्हणजे घरात मी एकटा पडणार."

ते रागावले की हसले, हे कळायच्या आत माझा धाकटा भाऊ बबन बाहेरून धावत आला. "शहरात बंद झालाय. एसटी एक बी सुटंना. स्टँडवर पोलीस हायेत."

पोह्यांपुरते आलेले पाहुणे आता मुक्कामी राहणार, हे आईनं पिठाच्या डब्यात डोकावून मान्य केलं.

दुपारपर्यंत बोलण्यासारखं सगळं बोलून झालं. कापूस झाला, पाऊस झाला, दोन्हीकडच्या नातेवाइकांची दुखणी झाली. शेवटी बबननं टेपरेकॉर्डर आणला. तो वाळूजला एका कारखान्यात फिटर होता. तिथं मशीन बसवायला आलेल्या गोऱ्या साहेबानं जाताना त्याला एक कॅसेट दिली होती. (गोरा माणूस म्हणजे इंग्रज, हे आमच्या घरात निजामाच्या काळापासून ठरलेलं होतं.)

"ह्याला हेवी मेटल म्हणत्यात," बबन म्हणाला.

"म्हंजी लोखंडाचं?" आबांनी विचारलं.

गाणं सुरू झालं. स्वयंपाकघरातून आई ओरडली, "कुणाला ठसका लागला रं? आधी पाणी द्या त्याला!"

श्रीपतरावांनी डोळे मिटून मांडीवर ताल धरला. तो निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. मग डोळे उघडून ते म्हणाले, "ताल लई पळतोय. पर अर्थाशिवाय गाणं ऐकू नाय. पोरी, तू इंग्रजीवाली ना? काय म्हणतोय ह्यो?"

मला एक अक्षरही कळलं नव्हतं. दोष अर्थात ढोलांचा होता. 'कळत नाही' असं सांगता आलं असतं, पण मग एम. ए.चं काय?

"हे शोकगीत आहे," मी म्हणाले. "यावर जुन्या इंग्रजी काव्याचा प्रभाव आहे. ते 'निश्त, निश्त' ऐकू येतंय ना? ते नाइट. शेकडो वर्षांपूर्वी उच्चार तसाच होता. म्हणजे काळरात्र."

"आन् मधी हेल म्हणतोय, ते?" बबन म्हणाला.

"नरक."

"आन् गिफ्ट?"

"मरण ही देवाची भेट आहे, असं कवीला सुचवायचंय."

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते पुन्हा एकदा म्हटलं. श्रीपतराव "वा!" म्हणाले. तेवढ्यात शेजारच्या जमीलाखाला आवाज ऐकून दारात आल्या.

"कौन रो रा इत्ता? अम्मा मर गई क्या इसकी?"

हे माझ्या अर्थात नव्हतं. पण माझ्या अर्थापेक्षा चांगलं होतं, म्हणून मी घेऊन टाकलं.

"हो खाला. मातृशोक!"

खालांनी ओढणी डोळ्यांना लावली. श्रीपतरावांनी टेपरेकॉर्डरला हात जोडले. ते बघून आबांनीही जोडले. आणि आई हातात उलथनं घेऊन बाहेर आली.

"मेलेल्या बाईचं गाणं? पोरीला बघायला आलेत आन् तुमी मयताचं गाणं लावलं? अक्कल हाय का कुणाला?"

श्रीपतरावांचे हात खाली आले. "व्हय की," ते हळूच म्हणाले. "शुभ कामात असलं बरं नाय."

खोलीत शांतता पसरली. (म्हणजे गाणं चालूच होतं.) आबांनी माझ्याकडं असं पाहिलं की माझं शिक्षण तिथंच संपलं. आणि पंचाईत अशी की एव्हाना मधुकर मला आवडला होता. मी चहा देताना त्यानं "तुम्ही घेतला का?" असं विचारलं होतं, तेवढ्यावरच!

"थांबा! शेवटचं कडवं राहिलंय," मी म्हणाले. "पुढं ती जिवंत होते."

"मेलेली?" आबा म्हणाले.

"जुन्या महाकाव्यांत नायक पाताळात उतरून आपलं माणूस परत आणतो. त्याचा प्रभाव आहे."

नेमकी तेव्हाच गायकानं काळीज फाटेल अशी किंकाळी फोडली.

"हे बघा, उठली!"

"शुक्र है!" खाला म्हणाल्या. श्रीपतराव भिंतीला टेकले. आई शिरा आणायला आत गेली. मधुकर मात्र रुमालात तोंड लपवून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते.

"लड़का नरम दिल का है," खालांनी निकाल दिला.

"पुन्हा एकदा लावता का?" तो दाटल्या गळ्यानं म्हणाला.

बबननं पुन्हा लावलं. मीही पुन्हा समजावलं, या वेळी नरकाचं जास्त सविस्तर.

मग मोठ्यांनी आम्हा दोघांना बोलायला मागच्या अंगणात पाठवलं.

"अर्थ फार सुंदर सांगितलात," मधुकर म्हणाला. "फक्त ते गाणं जर्मन आहे."

त्याला कंपनीनं ट्रेनिंगला वर्षभर जर्मनीला पाठवलं होतं, हे आबांनी मला सांगितलंच नव्हतं.

"निश्त म्हणजे नको. हेल म्हणजे लख्ख. आणि गिफ्ट म्हणजे विष."

"मग तो म्हणतो तरी काय?"

"'दिवा लावू नका, उजेड लख्ख आहे, काल प्यायलो ते विष होतं.' रात्री जास्त झालीय त्याला."

मला अंगणातल्या हौदात उतरावंसं वाटलं. "आणि आई?"

"आई आहे की. ठणठणीत आहे."

"मग शेवटची किंकाळी?"

"आई येऊन खिडकीचा पडदा उघडते."

मी तुळशीकडं बघत विचारलं, "तुम्ही आत का नाही बोललात?"

"आमचे दादा, म्हणजे वडील, हात जोडून बसले होते. त्यांच्यापुढं बोलायचं धाडस मला होत नाही. नामांतराचं एकदाच बोललो, तर महिनाभर त्यांनी अबोला धरला. तुम्ही मात्र सकाळपासून बोलताय. सकाळचं तर खरंही होतं."

दुसऱ्या दिवशी एसटी सुरू झाल्या. होकार देऊन निघताना श्रीपतरावांनी कॅसेट मागून घेतली. एकादशीला त्यांनी ती भजनी मंडळाला अर्थासहित ऐकवली आणि निम्मं सोयगाव रडलं, असं कळलं. आपल्या दादांना खरं सांगायचं धाडस मधुकरला कधी झालं नाही. मला तर नाहीच नाही.

लग्नानंतर मी एका कॉलेजात इंग्रजीच्या जागेसाठी मुलाखतीला गेले. समितीनं समोर एक कविता ठेवून अर्थ विचारला. ती खरोखरच इंग्रजीत होती, त्यामुळं मी जरा अडखळले.