घरटी एक माणूस

पनवेलच्या उत्तरेला, खाडीच्या टोकाशी आमचं गाव. भरतीला होडी मिळाली तर पनवेल जवळ, नाहीतर चिखल तुडवत बांधावरून जायचं आणि बाजार उठायच्या वेळी पोचायचं. त्यामुळे सरकार, कोर्ट, डॉक्टर या गोष्टी आम्हाला ऐकूनच माहीत होत्या. आमच्यावर राज्य होतं गावकीचं, म्हणजे देवळासमोर बसणाऱ्या पाच-सात म्हाताऱ्यांचं आणि त्यांच्या मधोमध बसणाऱ्या पाटलाचं.

गावकीचे नियम पुष्कळ होते, पण एक सगळ्यांच्या वरचा. खाडीचं पाणी शेतात आणि मिठागरात शिरू नये म्हणून गावाला मातीचा लांबलचक बांध होता. उधाणाच्या भरतीत त्याला खांड पडली की बांधावरून हाळी यायची, "घरटी एक मानूस!" हातातला घास टाकून प्रत्येक घरातला एक गडी फावडं घेऊन पळायचा. ताप आलेला असो, घरात मयत असो. दर्या थांबत नाही, तसा नियमही थांबत नसे.

माझा धाकटा भाऊ जन्मला त्या दिवशी अमावास्येचं उधाण होतं. आई आदल्या रात्रीपासून अडली होती. गावातल्या सुईणीने हात टेकले आणि म्हणाली, "पनवेलला नेशील तर जगंल." बाबाने दुपारच्या भरतीची वाट पाहिली, आईला होडीत निजवलं आणि वल्हं मारत निघाला. ज्या पाण्याने होडी पनवेलला नेली त्याच पाण्याने मागे बांध फोडला. हाळी झाली. आमच्या घरातून कुणी गेलं नाही, कारण गडी माणूस एकच होता आणि तो खाडीत होता. खांड बुजायला उशीर झाला, दोघातिघांची भातशेतं खारी झाली.

आई जगली, भाऊ जगला. बाबा दोघांना घेऊन परतला तेव्हा गावकी बसलेलीच होती. पाटील म्हणाला, देवळासमोर टोपी जमिनीवर ठेव, नाक घास, चुकलो म्हण, मिटलं. बाबा म्हणाला, "बायको मरत व्हती. मी चुकलो नाय." त्याला पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा तेच सांगितलं. आम्हाला वाळीत टाकलं.

वाळीत म्हणजे काय ते ज्याने भोगलं नाही त्याला सांगून कळत नाही, तरी सांगते. विहिरीवर मी गेले की बायका आपापले हंडे बाजूला सरकवायच्या. भावाच्या पाचवीला कुणी बाई आली नाही, आईने एकटीनेच पाटा पुजला. मिठागरावर बाबा मीठ ओढायचा, पण त्याच्या जोडीला कुणी उभं राहायचं नाही. जो बोलेल तोही वाळीत, मग कोण कशाला बोलेल?

आणि बाबा तर गावातला सगळ्यात बोलका माणूस. लग्नात, होळीला, जाळं विणताना, जिथे चार जण बसलेत तिथे पाचवा तो. त्याच्या नकला ऐकून म्हाताऱ्या पदर तोंडात धरून हसायच्या. आता तो संध्याकाळी अंगणाच्या कडेला उभा राहायचा आणि कुणी जवळून गेलं की खाकरायचा. एकदा नाही, दोनदा नाही, रस्ता ओस पडेपर्यंत. जाणारा मान खाली घालून निघून जायचा. घरात बसून ते खाकरणं ऐकताना मला जमीन फाटून आत जावंसं वाटायचं. मला वाटायचं, तू चुकला नाहीस ना, मग छाती काढून घरात बस की.

त्याच सुमारास पनवेलचे एक मास्तर दर रविवारी होडीने आमच्याकडे येऊ लागले. खादीचा सदरा, पायात चिखलाने भरलेल्या वहाणा, आणि उत्साह असा की आमची म्हातारी माणसं त्यांना जरा घाबरूनच असत. त्यांनी तरुण पोरांचं मंडळ काढलं. मी सातवी झालेली, म्हणून मलाही बोलावलं. शाळेच्या ओसरीवर मी खांबाला टेकून बसायची. मास्तर म्हणायचे, "गावात काय बदलायचं ते तुम्ही ठरवा. मी फक्त बसतो." पोरांनी लेझीम मागितली, वाचनालय मागितलं, दारू बंद व्हावी म्हणून भाषणं केली. मी समोर बसलेली असताना वाळीत हा शब्द कुणी काढला नाही. माझ्याशी बोलत नव्हतेच कुणी.

तो शब्द शेवटी पाटलाच्याच मुलाने काढला. विशीतला, काटक, फारसा न बोलणारा. त्याने खाली बघतच विचारलं, "मास्तर, वालीत टाकलेल्याचा काय करायचा?"

ओसरीवरचे सगळे मास्तरांकडे बघायला लागले. मास्तरांनी आपलं म्हणणं पाळलं, ते नुसते बसून राहिले. मग तोच म्हणाला, "येका मानसाला वालीत टाकता येतो. सगल्या गावाला कसा टाकतील? बांधावर घरटी एक जातो ना, तसा आपुन घरटी एक त्यांच्या घरान जेवाला जाव."

मला आधी वाटलं तो थट्टा करतोय. पण पोरांचे चेहरे पाहिले आणि कळलं, हे खरंच करणार. गावकीच्याच नियमाने गावकीला कोंडीत पकडायचं! ती पोरं नुसती ठरवून थांबली नाहीत. चोरून करायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून त्यांनी गल्लीगल्लीतून हाळी दिली, खरोखर बांध फुटल्यासारखी, "रविवारी त्यांच्या घरान जेवाला, घरटी एक मानूस!" घराघरांत भांडणं पेटली. कुणाला बापाने बडवलं, कुणाच्या आईने शपथ घातली. सगळ्या गावाला त्यांनी सांगितलं. बाबाला तेवढं कुणी विचारलं नाही. त्याला आनंदच होणार, यात विचारायचं काय, असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

हाळी ऐकून बाबाने मला एवढंच विचारलं, "पाटलाचा पन येतंय?"

"तोच पुढे आहे," मी म्हणाले. मला वाटलं तो हसेल. तो उठून गोठ्यात गेला.

रविवारी आई आणि मी पहाटेपासून चुलीशी होतो. तांदळाच्या भाकऱ्या, भात, आणि चिंच घालून निवट्यांचं कालवण. खाडीच्या चिखलातले हे मासे मीच आदल्या दिवशी धरले होते. भांडी उसनी कोण देणार, म्हणून केळीची पानं मांडली. पोरं आली ती एका ओळीत, बांधावर जातात तशी, धुतलेले कपडे घालून. दोघांचे गाल सुजलेले होते. मागून मास्तर. पोरांना अंगणात बसलेलं पाहून मला जो अभिमान वाटला तसा पुढे आयुष्यात कशाचाच वाटला नाही. पानांवर भात वाढून झाला, तरी कुणी हात घालेना. घरधनी यायचा होता.

बाबा आला तो पाटलाबरोबर. टोपी हातात, नाकाचा शेंडा सोललेला, मिशांना माती. पाटील त्याच्या खांद्यावर हात टाकून चालत होता.

"मिटला सगला," पाटील म्हणाला. "बांध सोरून गेलो ती माजी चूक झाली, असा बोललाय देवलासमोर. गावानं घेतला त्याला. जेवा रं पोरांनो, आता सुखान जेवा."

आईच्या हातात कालवणाची वाटी होती, ती तशीच राहिली. मास्तरांनी सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "वा, समेट झाला, उत्तम झालं." पाटलाचा मुलगा पानावरून उठला. "आमी यासाठी नवतो आलो," तो बाबाला म्हणाला. "तुमची चूक नवती, म्हनून आलो."

बाबाने त्या पोराला हात जोडले. माझ्या बापाने, भर अंगणात, मिसरूड फुटलेल्या पोराला. "बस रं बाबा. तू उठलास त मना परत टाकतील. जेव, तुज्या पाया परतंय."

पोरगा बसला. मान खाली घालून त्याने भात कालवला. बाकीच्यांनीही कालवला. बंड करायला आलेली पोरं परवानगी मिळालेलं जेवण जेवून गेली. त्यांना वाढताना मी कुणाकडेच पाहिलं नाही.

मास्तर पुढे गावोगावच्या तरुणांना सांगायचे की आमच्या गावच्या मंडळाने वाळीतल्या एका घराला त्याचं गाव परत मिळवून दिलं. एकदा मला उभं करून टाळ्याही वाजवल्या. मी त्या घेतल्या. खोटं काही नव्हतंच, गाव परत मिळालं होतं. त्या पंगतीतले दोघे मोठेपणी गावकीत बसले, आणि त्यांनी कुणाला वाळीत टाकलं नाही असं मी म्हणणार नाही. पाटलाचा मुलगा मात्र वर्षभरातच मुंबईला गिरणीत गेला आणि राहायला पुन्हा आला नाही.

त्या दुपारी पोरं गेल्यावर मी उष्टी पानं गोळा करत होते आणि माझा तोल सुटला. "एक दिवस थांबला असतास तर काय बिघडलं असतं?" मी बाबाला म्हणाले. "ती पोरं तुझ्यासाठी मार खाऊन आली होती."

तो उंबऱ्यावर बसून मिशीतली माती काढत होता. चिडला नाही. "त्यांना पन टाकला असता त? तू लान हास, तुना नाय कलायचा," म्हणाला. मग हळू आवाजात, "मना बोलाला कोन नवता गो."

आई आत भावाला पाजत बसली होती. तिने तिथूनच विचारलं, आवाज न चढवता, "मना नेली ती चूक झाली, असा बोललास ना देवलासमोर?"

बाबाने टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली. तेवढ्यात पाटलाच्या ओसरीवरून कुणीतरी त्याला नावाने हाक मारली, पान खायला ये म्हणून. हाक ऐकून त्याचा चेहरा उजळला. मी पाहिला, आईनेही पाहिला. तो उठला आणि भरभर चालत गेला.