कमलताईंचे शब्द

कमलताई शेलारांना मी प्रथम पाहिलं ते मुद्रणकोशाच्या बैठकीत. छपाईतल्या शब्दांचा मराठी कोश करायचा होता. मंडळावर चार प्राध्यापक, आणि टिपणं घेणारी मी. कसबा पेठेतल्या एका छापखान्यात हयातभर शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवलेल्या कमलताईंना फक्त जुन्या यंत्रांचे फोटो ओळखायला बोलावलं होतं. त्या अध्यक्षांच्या समोर बसल्या. अध्यक्षांनी यादी काढून पुढ्यात ठेवली आणि चष्मा पुसायला घेतला.

"सातवा शब्द कुणी वापरत नाही," कमलताई म्हणाल्या.

"आपल्याला यादी कुठे दिली?"

"दिली नाही. समोर दिसतेय की."

त्यांच्या बाजूने कागद उलटा होता. त्यांना उलटं वाचणं आपल्या सरळ वाचण्याइतकंच सोपं होतं. खिळ्यांवरची अक्षरं उलटीच असतात. सातवा शब्द होता 'पंक्त्यंतरपट्टिका'. दोन ओळींत घालायची शिशाची पट्टी. "आम्ही लेड म्हणायचो," त्या म्हणाल्या. "एवढा मोठा शब्द उच्चारेपर्यंत आमच्या चार ओळी जुळून व्हायच्या."

अध्यक्ष विद्वान होते, सज्जनही. पण छापखान्यातली भाषा त्यांना अशुद्ध वाटे. "लेड, फर्मा, गॅली! हे इंग्रजीचे अपभ्रंश आहेत, बाई."

"आले असतील तिकडून. इतकी वर्षं आमच्याबरोबर राबलेत, अजून पाहुणेच का?"

त्यांना पुन्हा बोलवायचं नाही असं ठरत आलं होतं. मला मात्र तो अन्याय वाटत होता. जुने छापखाने भंगारात गेले होते, ते शब्द आता चार-दोन माणसांच्या तोंडातच उरले होते. शिवाय हा कोश छपाई शिकणाऱ्या मुलांच्या हाती जाणार होता. मी फोटोंचं निमित्त काढून त्यांना दर बैठकीला बोलावत राहिले. त्याही येत, कोपऱ्यात बसत, आणि प्रत्येक नव्या शब्दावर हळूच विचारत, "हे कामावर कोण म्हणणार?"

मग कोशाच्या प्रस्तावनेचं प्रूफ आलं. अध्यक्षांनी कोशातलेच शब्द वापरून दुरुस्त्या लिहिल्या: 'द्वितीय अनुच्छेदास आद्यावकाश द्यावा. तृतीय पूर्वसंलग्न करावा. पंक्त्यंतर न्यून करावे.' कोथरूडला वैशालीताई संगणकावर आमची पानं लावत. वीस वर्षांचा सरावलेला हात. त्यांचा मला फोन आला, "मॅडम, हे संस्कृत पुस्तक आहे का?" अंदाजाने केलेलं पान बैठकीत आलं, तेव्हा दुसरा परिच्छेद वेगळ्याच पानावर गेला होता.

अध्यक्ष चिडले. "हल्लीच्या लोकांना मराठी येत नाही!"

"मराठी येते हो, सर. हे येत नाही," कमलताई म्हणाल्या. "जरा लाल पेन द्या."

त्यांनी समासात लिहिलं: 'दुसरा पॅरा आत घ्या. तिसरा वरच्याला जोडा. ओळी जवळ आणा.' मी फोटो काढून वैशालीताईंना पाठवला. चहाचे कप रिकामे व्हायच्या आत पान परत आलं. बिनचूक. खाली वैशालीताईंचा निरोप होता: 'आता कळलं! हे कुणी लिहिलंय?'

अध्यक्षांनी पान दोनदा वाचलं. मग आपली यादी उघडली आणि सातव्या शब्दावर स्वतःच्या हाताने काट मारली. "ताई," ते म्हणाले, "इकडे माझ्याशेजारी बसा. पहिल्या शब्दापासून पुन्हा पाहू."

वर्षभर आम्ही पाहिलं. संपादक मंडळात कमलताईंचं नाव आलं, आणि ते अध्यक्षांनीच सुचवलं.

प्रकाशनाला सभागृह भरलं होतं. ताईंना बोलायला सांगितलं, तेव्हा त्या ध्वनिक्षेपकापासून हातभर लांबच उभ्या राहिल्या. "हे शब्द माझे नाहीत," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "आम्ही पाचजणी एका रांगेत उभ्या राहून जुळणी करायचो. कामातच हे बोलणं तयार झालं. कोशात त्यांची नावं नाहीत, म्हणून इथे घेते. शकुंतला. लीला. मेहरुन्निसा. हौसाबाई."

शेवटच्या नावाला मागच्या रांगेत खुर्ची करकरली. काठी टेकत एक ठेंगणी म्हातारी उभी राहिली आणि तिने हात वर केला.

"आलेय गं, कमळे!"

टाळ्या सुरू करणारे पहिले होते अध्यक्ष, आणि तेही उभे राहून.