मोठीचं वजन

गावात हळद शिजायला लागली, की त्या वाफेच्या उग्र वासासरशी मी पुन्हा अंगणवाडीच्या दारात जाऊन उभी राहते.

माझ्या जुळ्या पोरी तेव्हा दोन महिन्यांच्या होत्या. त्या पोटात असतानाच सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, एका बाळाची वाढ मागं पडतेय. सासूबाई म्हणाल्या, "मोठं धाकट्याच्या वाट्याचं खाऊन राहिलं." ते माझ्या मनात रुतून बसलं. जन्मली तेव्हा धाकटी माझ्या ओंजळीत मावली. ती हातची जाईल या धास्तीनं मी दर वेळी आधी तिलाच पाजायचे. मोठी रडायची आणि मी तोंड फिरवायचे. खरं सांगायचं तर मला तिचं भ्याच वाटायचं.

त्या सकाळीही गावात हळद शिजत होती. अंगणवाडीच्या ताईंनी वजनकाट्याच्या झोळीत धाकटीला ठेवलं. तिचं वजन वाढलं होतं. मग मोठीला ठेवलं. ताईंनी काटा पाहिला. त्यांनी तिला उचलून पुन्हा ठेवलं.

"मागच्या महिन्यापेक्षा कमी भरली ही. काहून वो वहिनी, हिला पाजत न्हाई का?"

झोळीत मोठी रडतसुद्धा नव्हती. नुसती माझ्याकडं बघत होती.

आता दोघी उंचीनं सारख्या झाल्यात. पण जेवायला बसली, की मोठी अजून विचारते, "आई, धाकटीला उरलं का?"

हे तिला मी शिकवलेलं नाही, असं मी सगळ्यांना सांगते.