मॅनेजचं मूळ हातात

शब्द शिकवायला जावं, तर शब्दांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. थेरगावच्या विहारात दर रविवारी सकाळी मी कंपनी कामगारांना इंग्रजी शिकवतो. भाषाशास्त्रातली डॉक्टरेट आहे, तरी वर्गात शिरताना धडधडतंच. यंदा ‘मॅनेज’ या एका क्रियापदानं माझीच परीक्षा घेतली!

*

पहिल्या दिवशी विचारलं, "मॅनेज म्हणजे काय?"

"सर, पाच जणांच्या डब्यात आठ जणांनी जेवणं!"

"अंपायर मॅनेज झाला की आपली टीम हरणं!"

दोन्ही अर्थ फळ्यावर लिहिले. माझ्या शब्दकोशात ते असे नव्हतेच. चुकतंय कोण, कोश की मी? आठवडाभर कळेना.

*

पुढच्या रविवारी मूळ सांगितलं. लॅटिनमध्ये ‘मानुस’ म्हणजे हात, त्यावरून इटालियनमध्ये घोडा हाताळणं, आणि तिथून इंग्रजीत मॅनेज. तीनदा तपासून गेलो होतो. दोघं-तिघं घड्याळ बघू लागले! वाटलं, उगाच पांडित्य पाजळलं.

तेवढ्यात मावळातले दत्ताभाऊ म्हणाले, "बराबर हाय सर. बैलाला बी आधी हातच कळतो. कासऱ्यावरचा हात घाबरला, की बैल बिथारतो."

पीएचडीच्या तोंडी परीक्षेतही एवढा धीर मिळाला नव्हता.

*

याच दत्ताभाऊंची दोन बोटं पूर्वी पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसखाली गेली. एकदा त्यांच्या हातून खडू पडला. मी उचलायला धावलो, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या राव, आठात मॅनेज करतो!"

वर्ग हसला. सुनीता तेवढी हसली नाही.

*

सुनीता चाकणच्या एका कंपनीत प्रेसवरच ऑपरेटर. नव्या माणसांना मशीन तीच शिकवते. सुपरवायझरच्या इंटरव्ह्यूत मात्र दोनदा नापास, दोन्ही वेळा इंग्रजीत अडली. तिसरी संधी शेवटची.

"सर, या वेळी प्रमोशन घ्यायचंच!"

मी चार वाक्यं लिहून दिली. तिला ती पाठ झाली, तरी मी बदलतच राहिलो. शेवटी तिनं कागद ओढून घेतला. "सर, आता तुम्ही हात लावू नका!"

*

पुढचं तिनंच सांगितलं. इंटरव्ह्यूत मोठ्या साहेबांनी विचारलं, "हाऊ विल यू मॅनेज ट्वेंटी मेन?"

चारही वाक्यं विसरली.

तिनं दोन्ही पंजे टेबलावर पसरले. "सर, बारा वर्षं प्रेसवर. प्लीज काउंट."

साहेबांनी खरंच बोटं मोजली. दहा.

"आता खाली लाइनवर चला," खुर्ची मागे सारत ती म्हणाली, "मी शिकवलेल्यांची मोजा."